वाट रुंद दाखवणारा कॅमेरा

हा कॅमेरा मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी "तुमचा सूर जरा कडवट आहे" असं म्हणायला नको. सूर कडवटच आहे. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी ती काळी डबी आजही माझ्या कपाटात जुन्या पायमोज्यात घालून ठेवलेली आहे आणि हाताला लागली की माझं डोकं फिरतं.

मोबाइलवर बघा, पोरं ही डबी छातीला बांधून मोटारसायकलवरून हिमालयात जातात आणि वाऱ्यात ओरडून तिचं कौतुक करतात. त्यांचं खरं असेल. त्यांना डोंगर मोठा दिसायला हवा असतो. मला एक वाट होती तेवढी अरुंद दाखवायची होती.

आमचं गाव शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे, भीमेच्या काठाला. शिवेच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि लोक लगेच बोटं दाखवायला लागतात. वस्ती आमची, बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. पंचवीसेक घरं. वस्तीतून डांबरी रस्त्याला यायला एकच वाट. गावनकाशावर ती गाडीवाट म्हणून दाखवलेली आहे, म्हणजे बैलगाडी खुशाल जावी एवढी. माझ्या आज्याच्या वेळी जात होती.

आता त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचा ऊस आहे. गाव त्याला आदरानं काहीबाही म्हणतं, मी बागायतदार म्हणणार. दरवर्षी नांगरट करताना ह्याच्या ट्रॅक्टरचा फाळ वाटेत वीतभर शिरायचा. वीतभरच. वीतभर मातीसाठी कोण उठून भांडायला जाणार? आणि गेलाच, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या रानात कामाला जाणार? असा वीतभर वीतभर करत बांध कोरला गेला आणि बैलगाडीची वाट शेळीची झाली. चोरी करायची ही आमच्याकडची सगळ्यात सभ्य रीत आहे. कुलूप तोडावं लागत नाही, नांगर जरा तिरपा धरला की भागतं.

तरी वस्ती चालत होती. मोटारसायकल जात होती. मग आत्याची किडनी गेली.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. मला तिनंच वाढवलं. ह्याच उसात तिनं वीस वर्षं खुरपणी केली. आता सोमवारी आणि गुरुवारी तिला दौंडला डायलिसिसला न्यावं लागतं. दवाखान्याची गाडी येते, पण डांबरी रस्त्यावर थांबते, कारण आत शिरायला जागाच नाही. घरापासून तिथवर आत्याला लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यायचं. चौघांतले दोघं माझे चुलतभाऊ, कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे. नाइट करून आलेला माणूस तसाच, डोळे चोळत, खुर्चीचा पाय धरतो. वाट अशी की खुर्ची मधनं जाते आणि उचलणाऱ्यांचं अर्धं अंग उसात. उसाचं पातं म्हणजे करवत. आत्याच्या डाव्या हातात नस जोडून घेतलेली आहे, तिच्यातूनच मशीनला रक्त जातं आणि परत येतं. डॉक्टरांनी बजावलंय, त्या हाताला ओरखडा चालणार नाही. म्हणून आत्या तो हात पदरात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून बसते.

मागणी एवढीच होती. गाडी दारापर्यंत यावी. दुसरं काही आम्ही मागितलं नव्हतं.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. शिरूरला आमच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटनेच्या शिबिरात शिकले. पत्रकात पहिल्या ओळीत कोण चुकलं, दुसऱ्या ओळीत काय पाहिजे, शेवटच्या ओळीत कधी नि कुठं जमायचं. बाकी जागा उरली तर विशेषणं. पिवळ्या कागदाच्या अर्ध्या पानात मी कुणालाही उभा-आडवा सोलू शकते. त्या वाटेवर तीन पत्रकं काढली. बागायतदारानं एक पत्रक पानाच्या टपरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाला, "अक्षर लई चांगलं हाय पोरीचं." छापील पत्रक होतं ते! तहसील कचेरीतल्या साहेबांनी तिन्ही पत्रकं एका टाचणीत लावली आणि म्हणाले, "हे सगळं तुमचं म्हणणं झालं. पुरावा काय?"

तेव्हा ही डबी आमच्या आयुष्यात आली. संघटनेच्या एका हितचिंतकानं दिली. त्याचा डोंगर फिरण्याचा नाद संपला होता म्हणे. सोबत छातीला बांधायचा पट्टा, हेल्मेटला लावायची खुंटी, पाण्यात न्यायचं कवच. मी खूश झाले. खोटं का बोलू? आंदोलनात मोबाइल काढला की पहिला हात मोबाइलवर येतो. एका मोर्चात एकानं माझ्या हातातला मोबाइल उडवून गटारात घातला होता. ही डबी छातीला बांधली की दोन्ही हात मोकळे. हिसकायची तर माझ्या अंगावर हात टाकावा लागेल, आणि तेवढी हिंमत चारचौघांत होत नाही. शिरूरकडच्या एका सभेत कुणीतरी माझ्या अंगावर पाण्याचा जग रिकामा केला. मी भिजले, डबी चालू राहिली, आणि पाणी ओतणाऱ्याचा चेहरा स्पष्ट आला. एकदा कॅनॉलमध्ये पडली, बादलीनं काढली, पुसली, चालू. हे तिचे गुण मी मान्य करते. मार खायला ही डबी कार्यकर्त्यासारखी चिवट आहे.

पण चिवट असणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. आंदोलनात वाढलेल्या माणसाची ही खोडच आहे. जे मार खाऊन टिकतं ते आपल्या बाजूचं, असं आम्ही धरूनच चालतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ऊस डोक्याच्या वर गेलेला. सोमवारी सकाळी मी पट्टा बांधला आणि खुर्चीच्या पुढं उलटी चालत शूटिंग केलं. आत्या कावली.

"माझं तोंड नको काढू बाई."

"आत्या, तोंडासाठी नाही, वाटेसाठी काढतेय."

"मग वाटंचं काढ की. मी काय वाट हाय?"

चुलतभाऊ हसले, खुर्ची डुगडुगली, आत्यानं त्यांनाही शिव्या घातल्या. अख्खी वाट शूट केली. दुपारी बघितलं ते मोबाइलच्या बोटभर पडद्यावर. ऊस दिसत होता, खुर्ची दिसत होती. झालं, म्हटलं, आता बोला. चौथं पत्रक काढलं, त्यात मोठ्या टायपात घातलं की आता पुरावाच बोलेल.

बोलला. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, कचेरीत सुनावणी होती. साहेब, त्यांचा कारकून, बागायतदार, त्याचा वकील आणि आमच्या बाजूनं मी आणि दोन चुलतभाऊ. कारकुनानं व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला. स्क्रीनवर आमची वाट नव्हती. तिथं एक छान, ऐसपैस, थेट क्षितिजापर्यंत गेलेला रस्ता होता. दोन्हीकडचा ऊस आदबीनं लांब सरकून उभा होता. ह्या डबीची काच अशी असते की समोरचं सगळं कडेपर्यंत ताणून आत घेते. जवळचं पसरट करते आणि लांबचं बारीक. पायाखालची जमीन तर अशी पसरली होती की तिथं लग्नाची पंगत बसावी.

"हे कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"तीच वाट आहे, साहेब."

"ही? ही तर चांगली आहे की."

कारकून म्हणाला, "साहेब, आमच्या सोसायटीला एवढा रस्ता न्हाई."

सगळे हसले. तेवढ्यात खुर्ची दिसली. दुसरी कमाल तिथं. डबीत धक्का शोषून घ्यायची सोय आहे. मी उलटी चालत होते, दोनदा ठेचकाळले होते, खुर्ची ढेकळांवर आदळत होती, आत्या विव्हळत होती. स्क्रीनवर आत्या तळ्यातल्या नावेसारखी संथ तरंगत येत होती. आणि आवाज? पट्टा आणि ओढणी माइकवर घासून नुसतं खर्रखर्र. तिचं विव्हळणं कुठंच नव्हतं.

"बाई आरामात बसलेल्या दिसतायत," साहेब म्हणाले.

बागायतदार हात जोडून उठला. "साहेब, मी कवाधरनं म्हणतोय, वाट हाय तशी हाय. आन् ह्ये शूटिंग मी केलेलं न्हाई. बाईंनीच केलंय."

वकील तर जागेवरून उठलासुद्धा नाही. "अर्जदारांनी स्वतः दाखल केलेला पुरावा आहे. आमची काहीच हरकत नाही."

मी उभी राहून ओरडले, "साहेब, हा कॅमेराच असा आहे. तो रुंद दाखवतो!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमचाच पुरावा खोटा आहे, असं तुम्ही म्हणताय?"

हो म्हटलं तरी मेले, नाही म्हटलं तरी मेले. साहेबांनी शेरा मारला, ऊस तुटल्यावर स्थळपाहणी करू. ऊस तुटल्यावर! म्हणजे पाटसच्या कारखान्याची तोड येऊन, ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्या रानातून आडव्या-उभ्या फिरून, वाट कुठली आणि सरी कुठली ते ओळखू येईना झाल्यावर. उघड्या रानात कुठलीही वाट रुंदच असते. हे साहेबांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर. बागायतदारानं रीतसर नक्कल मागून घेतली होती. खाली लिहिलेलं, "वस्तीचा सहापदरी", आणि पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. वस्तीत प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. आत्याच्या सुनेनं तो तिला दाखवला, हा तिचा गाढवपणा.

आत्यानं तो दोनदा बघितला. मग मला हाक मारली.

"माझे गुडघे ढोलाएवढं आन् तोंड लिंबाएवढं. मी त्यात हसतीय व्हय गं?"

"हसत नव्हतीस, आत्या. तसं दिसतंय."

"मग दिसतंय तसंच गाव म्हणणार. म्हातारी खुर्चीत बसून चैन करती म्हणणार." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "गुरवारी मी जायची न्हाई. आता वाटंत प्रत्येकजण बघंल. मला न्हाई जायाचं."

आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून बघितलं. ती गेली नाही. गुरुवार चुकला. दवाखान्याची गाडी डांबरीवर अर्धा तास हॉर्न वाजवून गेली. शुक्रवारी पाय सुजले, बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. शनिवारी दुपारी तिला धड श्वास घेता येईना. चौघं नव्हते, तिघंच होते, चौथा पाय मी धरला. पळत नेली. पळताना आमचं लक्ष तिच्या छातीकडे, आणि पदर कधी सुटला ते कळलंच नाही. पातं डाव्या हातावरून गेलं. नस वाचली, वरचं कातडं फाटलं. गाडीत तिचा हात वर धरून मी बसले होते. तोंडावर मास्क असतानाही ती माझ्याकडे बघत होती आणि त्या बघण्यातलं सगळं मला वाचता येत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला झापलं ते वेगळंच. आणखी एक दिवस काढला असतात तर आणायची गरज पडली नसती, म्हणाली.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर आप्पा भेटले. आप्पा दौंडचे, रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे, रिटायर झाल्यापासून संघटनेचं काम करतात. बोलतात कमी, पण बोलले की टोचतं.

"व्हिडिओ बघितला तुझा," ते म्हणाले.

"आप्पा, नका ना आता."

"न्हाई कसं? रूळ किती फाकलाय त्ये आम्ही फोटू काढून बघत नव्हतो. लोखंडी गेज आसायचा. रुळावर ठिवायचा. बसला तर बसला, न्हाई तर न्हाई. सायब आसू दे न्हाईतर गँगमन, दोघांला तेच दिसायचं. तुला रुंदी दाखवायची हुती आन् तू शोभा दाखवलीस."

"मग टेप घेऊन जाऊ?"

"टेपाचा आकडा तू म्हणणार येक, त्यो म्हणणार येक. टेप ढिला धरला, टेप वाकडा धरला. आकडा कशाला पायजे? गाडी केवढी हाय त्ये बघ."

दवाखान्याची गाडी समोरच उभी होती. आप्पांनी ड्रायव्हरला बोलावलं. तो बिचारा हौसेनं आला. "आरशासकट मोजा, आप्पा. आरसा फुटला की बोलणी मला बसत्यात." त्याच दिवशी आप्पांनी एक सरळ बांबू बघून बरोबर त्या गाडीच्या रुंदीएवढा तोडला आणि दोन्ही टोकांना लाल कापड बांधलं. असला सोपा पुरावा मी कधी बघितला नव्हता आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी दहा वाजता आम्ही तो बांबू वाटेतून आडवा धरून निघालो. एक टोक आप्पांकडे, एक चुलतभावाकडे. जिथं अडकेल तिथं बांधाच्या कडेला चिंधी बांधलेली खुंटी ठोकायची. पहिल्या वळणाआधीच तीन खुंट्या. मी ह्या वेळी डबी छातीला बांधली नाही. बांबूच्या टोकाला चिकटपट्टीनं आवळली, तोंड बांबूकडे करून. एवढ्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले होते. ही डबी हातभर अंतरावरचंच खरं बोलते. बांबूच्या टोकावरून बघितलं की बांबू दिसतो, धरणारा दिसतो आणि टोक उसात घुसलं की पातं सरळ काचेवर येऊन आदळतं. त्यात ताणायला काही उरत नाही.

अर्ध्या वाटेत बागायतदार आला. मोटारसायकल आडवी लावली.

"ह्ये काय, मांडव घालताय व्हय?"

"मांडव न्हाई, माप हाय," आप्पा म्हणाले.

"माप घ्यायला मोजणीवाला लागतो. बांबूनं कुठं माप आसतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पत्रकवाल्या बाई, तुम्ही आपलं शूटिंगच करा. तुमच्या शूटिंगमधी माझी वाट लई झ्याक येती."

"करतेय ना. तुम्ही मध्ये या. तुम्ही पण ऐसपैस दिसाल."

चुलतभाऊ फिस्सकन हसला. बागायतदाराचा रंग बदलला. "ए, जास्त बोलायचं न्हाई. वाट माझ्या रानातली हाय. मी म्हणून जाऊ देतो तुम्हाला. उद्या बंद केली तर उडत जाताल का?"

हे वाक्य! अख्ख्या प्रकरणाचा निकाल ह्या एका वाक्यात होता. वाट सरकारी नाही, माझी, आणि तुम्ही माझ्या दयेवर, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणत होता. डबी चालू होती, लाल दिवा लुकलुकत होता. घरी येऊन ऐकलं तर उसाची सळसळ आणि त्या सळसळीच्या तळाशी कुणीतरी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी घुमघुम. एक शब्द कळला असेल तर शपथ. जरा वारा सुटला की ही डबी बहिरी होते, हेही त्या मोबाइलवरच्या पोरांनी कधी सांगितलं नाही.

आप्पांनी बागायतदाराला एवढंच म्हटलं, "बांबू लांब वाटत आसंल तर तुमची चारचाकी आणा. तिच्यावर ठिवून बघू." त्यानं काही चारचाकी आणली नाही. मोटारसायकल काढून घेतली आणि गेला. एकूण चौदा खुंट्या झाल्या.

मंगळवारी बांबू घेऊन कचेरीत. फाटकावरच्या शिपायानं अडवलं.

"काठ्या-लाठ्या आत न्यायच्या न्हाईत."

"काठी नाही, पुरावा आहे," मी म्हटलं.

"मग पुरावा भाईर ठिवा आन् तुम्ही आत जावा."

मी भांडायला तोंड उघडलं, आप्पांनी हातानंच गप्प केलं आणि आम्ही तिथंच पायरीवर बसलो. जेवायच्या सुट्टीत साहेब बाहेर आले. त्यांची जीप पायरीसमोरच होती. आप्पांनी बांबू जीपच्या तोंडावर आडवा धरला, ह्या आरशापासून त्या आरशापर्यंत.

"चार बोटं कमी पडला, सायब. तुमची गाडी जरा मोठी हाय."

"हे काय आहे?"

"दवाखान्याची गाडी हाय ही. ह्यो बांबू वाटंत चौदा ठिकाणी अडकतो. तुम्ही ऊस तुटल्यावर येनार म्हणला. म्हातारीचा परवा येक दिवस चुकला तर मरता मरता वाचली. तुमच्या ऊसतोडीपातुर ती टिकंल का, तेवढं लिवून द्या. मग आम्ही जातो."

साहेबांनी बांबूचं टोक आरशापासून हातानं बाजूला केलं. त्यांना दया आली असं मी लिहिणार नाही, मला तसं दिसलं नाही. मला वाटतं ते वैतागले. स्क्रीनवरचं प्रकरण टाचणीत लावता येतं, स्वतःच्या गाडीला टेकवलेला बांबू लावता येत नाही. "गुरुवारी येतो," म्हणाले आणि जेवायला गेले.

गुरुवार आत्याचा दिवस होता. तिला सांगितलं तर म्हणाली, "सायब येऊ दे न्हाईतर कुणी येऊ दे, मला माझ्या टायमाला न्यायचं." त्या शनिवारनंतर ती एकही फेरी चुकवत नव्हती. मरणाला ती भ्याली होती आणि ते लपवत नव्हती.

साहेब आले, तलाठी आले, गाव गोळा झालं. बागायतदार इस्त्रीचे कपडे घालून हजर. साहेबांनी पायी जायचं म्हटलं तर हाच पुढं झाला. "पायी कशाला? गाडी घ्या की आत. मी बसतो फुडं." आणि खरंच ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. लोकांसमोर बोललेलं माघारी घेता येत नाही, हा आमच्या गावचा जुना रोग आहे आणि त्या दिवशी तो आमच्या कामाला आला. मागच्या सीटवर साहेब. जीप आत शिरली. पहिल्या खुंटीला डावा आरसा मिटला. दुसऱ्या खुंटीला उजवा. पाती खिडकीतून आत यायला लागली. तिसऱ्या खुंटीपाशी आदल्या दिवशी उसाला पाणी दिलेलं होतं, बांधाची माती भुसभुशीत, चाक कलंडलं आणि जीप दोन्हीकडून उसात रुतल्यासारखी थांबली. दारं उघडायला जागा नव्हती.

आणि समोरून आत्याची खुर्ची आली.

मी खुर्चीच्या मागून चालत होते, डबी छातीला, काठोकाठ चार्ज केलेली. ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला.

आत्यानं पदरातला हात तसाच ठेवून मान वर केली. "भोंगा कुणाला वाजवतो रं? मी काय म्हैस हाय वाटंत बसलेली? कुठं सरकू मी, सांग. ह्या अंगाला सरकू का त्या अंगाला?"

ड्रायव्हर मागं साहेबांकडे बघायला लागला. बागायतदार सरळ समोर बघत होता, म्हणजे आत्याकडेच, कारण समोर दुसरं काही नव्हतंच. तिच्या नि त्याच्यामध्ये फक्त काच होती. वीस वर्षं ती त्याच्या रानात वाकली होती, पण इतक्या जवळून आणि तेही बसून, तिनं त्याच्याकडे कधी बघितलं नसेल.

"मला मशीनवर जायाचंय," ती म्हणाली. "तू मागं घे."

"मागं घे," साहेबांचा आवाज आला.

जीप गचके खात मागं निघाली आणि चार पावलांवर आत्याची खुर्ची तिच्या बोनेटसमोर. आत्या ड्रायव्हरला वाट सांगत होती. "डावीकडं घे. आरं डावीकडं! ऊस मोडतोय त्येचा? मोडू दे." डांबरीवर पोचेपर्यंत बागायतदाराच्या इस्त्रीच्या शर्टावर पाचटाचा भुगा पडला होता. दवाखान्याची गाडी उभीच होती. आत्या चढली, गेली.

मी डबीकडे बघितलं. बंद. उन्हानं तापली की ती आपणहून झोपते, आणि खुर्ची घरातून निघायच्या आधीच ती झोपली होती. ह्यातलं काहीच त्या डबीत नाही. जे आहे ते माझ्या डोक्यात आणि तलाठ्यानं जीपच्या बोनेटवर कागद ठेवून लिहिलेल्या पंचनाम्यात. खुंट्या चौदा, गाडी तिसरीच्या पुढं जाऊ शकली नाही, खुर्ची आणि वाहन एका वेळी पार होऊ शकले नाहीत. बागायतदारानं सही केली नाही. तसंही त्यात लिहिलं.

वाट मोकळी करायचा आदेश निघाला. बागायतदारानं दहा ठिकाणचा ऊस काढला आणि उरलेल्या चार ठिकाणांसाठी अपील केलं. चारच ठिकाणं आहेत, एवढ्यासाठी काय भांडता, असं आता गावातले शहाणे लोक मला सांगतात. वीतभरासाठी काय भांडता, असं माझ्या बापाला सांगणारे हेच. ती चार ठिकाणं बरोबर आमच्या घराच्या बाजूची आहेत. म्हणजे गाडी येते ती शेवटच्या वळणापर्यंत. तिथून दारापर्यंत खुर्ची आहेच.

गाडी पहिल्यांदा त्या वळणावर आली त्या सोमवारी मी मोबाइल काढला. पत्रकाला फोटो पाहिजे होता. आत्यानं खुर्चीतून उठून गाडीच्या पायरीवर पाय ठेवला होता आणि तो तिला वर घेता येत नव्हता.

"ठिव त्ये," ती म्हणाली. "मागनं ढकल मला. आन् त्या चार जागांचं काय झालं, त्ये कचेरीत इचारून ये आजच."

मी ढकललं. दार लागलं, गाडी गेली, आणि मी कचेरीची एसटी धरली.